‘आठ वर्षं’ कुठून आली? पीएसएवरचा एक गाजलेला पेपर वाचताना

प्रोस्टेटच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं, ग्रंथी पूर्ण काढली, वर्ष-दोन वर्षं सगळं ठीक चाललं आणि मग एका रिपोर्टात पीएसएचा आकडा पुन्हा दिसायला लागला. अशा माणसाच्या घरात कोणी ना कोणी मोबाईलवर शोधतंच. आणि शोधलं की थोड्या वेळात एक वाक्य हाती लागतं: ‘पीएसए वाढल्यापासून रोग शरीरात पसरायला सरासरी आठ वर्षं लागतात.’ त्याच्या मागोमाग दुसरं: ‘पसरल्यानंतर पाच वर्षं.’ मग कोणीतरी बेरीज करतं. तेरा.

ही तेरा वर्षं कोणत्याही पेपरात नाहीत. आठ आणि पाच मात्र आहेत, आणि ते एकाच पेपरात आहेत: पाउंड आणि सहकाऱ्यांचा, १९९९ साली ‘जामा’मध्ये आलेला. कोर्सवर्कमध्ये ‘एका संशोधनपत्राचं समीक्षण करा’ असं सांगितलं की बहुतेक जण एखादा कच्चा पेपर शोधतात, कारण चुका काढायला सोप्या जातात. माझं मत उलटं आहे. समीक्षा चांगल्या पेपराची करावी. वाईट पेपरातून फक्त लेखकाचा राग येतो. चांगल्या पेपरातून कळतं की काम प्रामाणिक असूनसुद्धा एखादा आकडा बाहेर पडल्यावर कसा भटकतो. हा पेपर त्यासाठी उत्तम आहे. (मी वैद्यकशाखेचा नाही, विज्ञानाचा आहे. खालचं सगळं आकडे कसे वाचावेत याबद्दल आहे. उपचार काय घ्यावा हे तुमच्या यूरोलॉजिस्टनी सांगायचं.)

आधी थोडी पार्श्वभूमी. पीएसए हे प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारं प्रथिन. निरोगी ग्रंथीही ते बनवते, म्हणून तपासणीच्या वेळी ‘चारच्या वर गेला की काळजी’ वगैरे वाद होत राहतात. पण ग्रंथीच काढून टाकली की हा वाद संपतो. बनवणारा कारखानाच बंद, मग माल कुठून येणार? स्टेमी यांच्या गटानं १९८७ साली दाखवलं की ऑपरेशननंतर रक्तातलं पीएसए साधारण २.२ दिवसांत निम्मं होतं. सहा आठवडे म्हणजे ४२ दिवस, म्हणजे एकोणीस वेळा निम्मं. ऑपरेशनआधी १० असेल तरी शेवटी जे उरतं ते यंत्राला दिसतच नाही. म्हणूनच ऑपरेशननंतरच्या पीएसएला मी जीवशास्त्रातल्या सगळ्यात स्वच्छ मोजमापांपैकी एक मानतो. अमेरिकेच्या एफडीएनंही १९८६ मध्ये या चाचणीला पहिली मान्यता दिली ती निदानासाठी नाही, तर निदान झालेल्या रुग्णांवर लक्ष ठेवण्यासाठी. निदानासाठीची मान्यता १९९४ ची.

आकडा पुन्हा दिसायला लागला आणि ०.२ नॅनोग्रॅम प्रति मिलीलीटरपर्यंत गेला की त्याला ‘बायोकेमिकल रिकरन्स’ म्हणतात. नाव नीट बघा. रोग परतल्याचं रसायन सांगतंय. स्कॅनमध्ये काही नाही, माणसाला काही होत नाही, तो रोज कामावर जातोय. रुग्ण म्हणावं तर दुखणं नाही आणि बरा म्हणावं तर कागद तसं म्हणत नाही. या मधल्या अवस्थेत पुढे काय होतं, हा पाउंड यांचा प्रश्न.

उत्तरासाठी त्यांच्याकडे जे होतं ते क्वचितच कोणाकडे असतं. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये पॅट्रिक वॉल्श या एकाच सर्जननं १९८२ ते १९९७ या काळात ऑपरेशन केलेले १,९९७ पुरुष. त्यातल्या ३१५ जणांचं, म्हणजे सुमारे १५ टक्क्यांचं, पीएसए पुन्हा वाढलं. त्यातल्या ११ जणांना लवकर हार्मोन उपचार दिले गेले होते, त्यांना वगळून उरले ३०४. या ३०४ जणांना रोग पसरल्याचं स्कॅनवर दिसेपर्यंत हार्मोन उपचार दिले नाहीत. म्हणून शीर्षकातला ‘नॅचरल हिस्टरी’ हा शब्द इथे खरोखर शोभतो. आज असा गट जमवणं जवळपास अशक्य आहे, कारण पीएसए थोडं हललं की काही ना काही उपचार सुरू होतोच. पेपराची ही ताकद आधी मान्य करायला हवी. समीक्षा म्हणजे फक्त खुसपटं काढणं असं समजून आमच्या बॅचमधल्या अर्ध्या जणांनी ‘नमुना लहान आहे’ असं लिहून मोकळं व्हायचं धोरण ठेवलं होतं. नमुना लहान आहे हे वाक्य जगातल्या प्रत्येक पेपराला लागू पडतं, म्हणून ते काहीच सांगत नाही.

आता आठ वर्षांकडे येऊ.

३०४ पैकी १०३ जणांमध्ये, म्हणजे ३४ टक्क्यांमध्ये, रोग पसरला. आणि मध्यक, म्हणजे मीडियन, आठ वर्षं. इथे थांबून विचार करा. मध्यक म्हणजे निम्मे लोक ज्या रेषेच्या अलीकडे आहेत ती रेषा. मग पसरला फक्त ३४ टक्क्यांत, तर निम्म्यांची रेषा आली कुठून? तुमच्या व्हायवात कोणी हा प्रश्न विचारला तर गडबडू नका. पेपरात शब्द आहे ‘ॲक्च्युरियल’. म्हणजे हा आकडा मोजलेला नाही, अंदाजलेला आहे. कोणाचं पीएसए वाढून दोनच वर्षं झालीत, कोणाचं बारा. ज्यांचा पाठपुरावा अजून छोटा आहे त्यांना ‘अजून काही झालं नाही’ असं धरून, पण तेवढ्याच काळापुरतं, हिशेबात घेतात. आपण याला सेन्सॉरिंग म्हणतो. पद्धत योग्यच आहे. फक्त त्या सगळ्या १,९९७ जणांचा सरासरी पाठपुरावा ५.३ वर्षांचा होता, हे विसरून चालत नाही. सरासरी पाच वर्षांच्या पाठपुराव्यातून आठव्या वर्षाची रेषा काढली की ती थोड्याच लोकांच्या खांद्यावर उभी असते.

आणि ती बेरीज? आठ वर्षं ही पीएसए वाढलेल्या सगळ्यांची. पाच वर्षं ही ज्यांच्यात रोग पसरला फक्त त्यांची. दोन वेगळे गट. पसरलेल्यांत लवकर पसरलेले, म्हणजे जास्त आक्रमक रोग असलेले, जास्त भरलेले असणार. आमच्याकडच्या भाषेत सांगायचं तर बाजार समितीतल्या सगळ्या तुरीचा सरासरी भाव आणि फक्त डागी तुरीची सरासरी तूट एकत्र करून शेतकऱ्याची पट्टी करण्यासारखं आहे हे. दोन्ही आकडे खरे असले तरी पट्टी खोटी निघेल.

पुढची अडचण घड्याळाची. ‘पीएसए वाढल्यापासून’ म्हणजे नेमकं कधीपासून? पाउंड यांनी ०.२ ला घड्याळ सुरू केलं. आता बऱ्याच ठिकाणी अतिसंवेदनशील चाचणी असते, ती ०.०१ पर्यंतचे आकडे छापते. एखाद्याला ०.०४ ला कळलं आणि त्या दिवसापासून तो मोजायला लागला, तर त्याची ‘वाढल्यापासूनची’ वर्षं आपोआप जास्त होतील. आयुष्य एक दिवसानंही वाढलेलं नसेल. फक्त काळजीची वर्षं वाढली. याला लीड टाइम म्हणतात.

घड्याळ थांबतं कुठे, हाही तितकाच मोठा घोळ आहे. त्या काळात पसरलेला रोग शोधायला बोन स्कॅन आणि सीटी होते. आता पीएसएमए पेट आहे (आपली पीएच.डी.ची पेट नव्हे, ती वेगळ्या प्रकारे पसरते). एफडीएनं गॅलियम पीएसएमएला डिसेंबर २०२० मध्ये मान्यता दिली. हा स्कॅन पूर्वी न दिसणारे छोटे ठिपके दाखवतो. म्हणजे पीएसए वाढल्यापासून ‘पसरला’ असं म्हणायला लागणारा काळ कमी होणार, आणि पसरल्यानंतर जगण्याचा काळ वाढणार. रोग तोच आणि माणूसही तोच असताना. शाळेतली तुकडी आठवा. ‘अ’ तुकडीतली सगळ्यात कच्ची पाच पोरं ‘ब’ मध्ये टाकली की दोन्ही तुकड्यांची सरासरी वाढते, कारण ‘अ’ मधली कच्ची पोरं ‘ब’ च्या मानानं हुशारच असतात. निकाल सुधारला असं हेडसर सांगतात, पण शिकवलं कोणी काहीच नाही. फाइनस्टाइन यांनी १९८५ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाच्या आकड्यांत हीच गंमत दाखवली होती. १९९९ चा ‘आठ’ आणि आजच्या स्कॅनवरचा ‘पसरला’ हे शब्द एकमेकांशेजारी ठेवताच येत नाहीत.

उलट बाजूही सांगायला हवी. फेंडलर आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये ६३५ रुग्णांवर हा स्कॅन तपासला. पीएसए ०.५ च्या खाली असताना फक्त ३८ टक्के लोकांत काही दिसलं, पाचच्या वर गेल्यावर ९७ टक्क्यांत. म्हणजे कमी पीएसएला स्कॅन कोरा आला तर ‘काही नाही’ असा अर्थ होत नाही. ‘अजून दिसत नाही’ एवढाच होतो.

इतकं सगळं झाल्यावर या पेपरात उरतं काय? माझ्या मते बरंच, आणि ते आठमध्ये नाही. पाउंड यांनी तीन गोष्टी वेगळ्या काढल्या: पीएसए ऑपरेशननंतर दोन वर्षांच्या आत वाढलं की नंतर, काढलेल्या गाठीचा ग्लीसन स्कोअर ५ ते ७ होता की ८ ते १०, आणि पीएसए दुप्पट व्हायला दहा महिन्यांपेक्षा कमी लागले की जास्त. या तीन फाट्यांवरून माणसांचे रस्ते फार लांबवर वेगळे होतात. त्याच संस्थेतून फ्रीडलँड यांनी २००५ मध्ये हेच काम पुढे नेलं: दुप्पट होण्याचा काळ काढता आला असे ३७९ पुरुष. पीएसए वाढल्यापासून या रोगानं मृत्यू होण्याचा मध्यक सोळा वर्षांनंतरही गाठला गेला नव्हता. पण दुप्पट व्हायला तीन महिन्यांहून कमी लागणाऱ्यांत तो मध्यक सहा वर्षांचा होता. एकाच निदानाखाली सहा वर्षंवाले आणि सोळा वर्षांनंतरही निम्म्याहून जास्त शिल्लक असलेले, असे दोन्ही बसलेत. इतका पसारा असताना मधला एक आकडा उचलून सगळ्यांना सांगणं हे आळशी वाचन आहे.

मग दुप्पट होण्याचा काळ, डबलिंग टाइम, हा खरा कळीचा आकडा. आणि इथे दुधनीचा संबंध येतो.

आमच्या गल्लीतले एक अण्णा, आयुष्यभर आडत दुकानात हिशेब लिहिलेले. ऑपरेशननंतर त्यांचं पीएसए वाढायला लागलं. पोरगा शिकतोय म्हणून त्यांनी रिपोर्टांची पिशवी माझ्यापुढे ठेवली आणि विचारलं, “हे डबल व्हायला किती दिवस म्हणायचं? डॉक्टर म्हणाले त्याच्यावर सगळं आहे.” पिशवीत एक रिपोर्ट सोलापूरचा, एक कलबुर्गीचा, पुढचा पुन्हा सोलापूरचा. दुधनीच्या स्टेशनावर उभं राहिलं की दोन्हीकडे गाडी जाते. ज्या बाजूला काम निघेल, पाहुणे असतील, तिकडे माणूस रक्त देऊन येतो. यात अण्णांचं काही चुकलेलं नाही. प्रत्येक वेळी एकाच लॅबमध्ये जा, असं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

आकडे समजावण्यासाठी सोपे करून घेतो. पहिला ०.२०. चार महिन्यांनी दुसऱ्या शहरात ०.२८. सूत्र असं: दोनचा नैसर्गिक लॉग, म्हणजे ०.६९३, गुणिले मधले महिने, भागिले दोन आकड्यांच्या गुणोत्तराचा लॉग. गुणोत्तर १.४, त्याचा लॉग ०.३३६. उत्तर ८.२ महिने. दहाच्या आत. पाउंड यांच्या वाईट रस्त्यावर.

आता दुसऱ्या आकड्यात फक्त दहा टक्के इकडेतिकडे होऊ द्या, इतक्या कमी पातळीवर ते सहज होतं. ०.२८ ऐवजी ०.२५ असता तर उत्तर १२.४ महिने. ०.३१ असता तर ६.३. म्हणजे यंत्राच्या साध्या डुलण्यानं माणूस एका रस्त्यावरून दुसऱ्यावर जातो. शिवाय लॅब बदलली की प्रश्न डुलण्याचा राहत नाही, मापच वेगळं असू शकतं. पीएसएच्या चाचण्यांना दोन प्रमाणांवर बेतलेलं असतं, जुनं हायब्रिटेक आणि जागतिक आरोग्य संघटनेचं. एकाच रक्ताचे आकडे या दोन मापांवर वीस टक्क्यांच्या आसपास वेगळे येऊ शकतात. शेर आणि किलो यांची मापं आलटून पालटून लावून माल वाढला म्हणण्यातला प्रकार. आणि पुढच्या चार महिन्यांनी पहिल्याच लॅबमध्ये ०.२९ आला, तर? पहिल्या आणि तिसऱ्यावरून, म्हणजे एकाच लॅबच्या दोन आकड्यांवरून, उत्तर १४.९ महिने. मधला आकडा धरून तिन्ही बिंदूंतून रेषा काढली तरी उतार तोच येतो, कारण अंतरं सारखी आहेत. करून बघा, लीस्ट स्क्वेअर्सचा चांगला सराव आहे.

आठ महिने की पंधरा, हा नुसता कागदावरचा फरक नाही. एम्बार्क ही चाचणी घ्या, २०२३ मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आलेली, १,०६८ पुरुषांची. तीत प्रवेशाची एक अटच होती की पीएसए नऊ महिन्यांच्या आत दुप्पट झालेलं हवं. पाच वर्षांनी रोग न पसरता जिवंत असणारे, ल्यूप्रोलाइड एकट्यावर ७१.४ टक्के, सोबत एन्झालुटामाइड दिल्यावर ८७.३ टक्के. मोठा फरक. पण हा निष्कर्ष नऊच्या आतल्यांचा आहे. ज्याचा खरा काळ पंधरा आहे आणि लॅब बदलल्यामुळे आठ निघाला, त्याला हार्मोन उपचारांचा थकवा, हाडांची झीज, अंगाचा भडका हे सगळं सोसावं लागेल आणि फायदा मात्र दुसऱ्याच गटाच्या आकड्यावरून गृहीत धरला जाईल. उलटही होऊ शकतं: खरा आठवाला पंधराचा समजून थांबला, तर तेही महागात. म्हणून मोठ्या चाचण्यांत आणि चांगल्या दवाखान्यांत किमान तीन आकडे, पुरेसं अंतर, आणि एकच पद्धत यांचा आग्रह असतो. पाउंड यांच्याकडे सगळे रुग्ण एकाच संस्थेच्या पाठपुराव्यात होते. त्यांचा ‘दहा महिने’ हा फाटा आमच्या पिशवीतल्या रिपोर्टांना लावताना ही अट कुणी सोबत पाठवत नाही.

अण्णांना मी एवढंच म्हणालो की पुढचं रक्त एकाच ठिकाणी द्या, रिपोर्टावर चाचणीची पद्धत छापलेली असते ती बघा आणि हे तिन्ही कागद तारखांसकट डॉक्टरांपुढे ठेवा.

दरम्यान प्रश्नही पुढे सरकलाय. १९९९ मध्ये ‘वाट पाहिली तर काय होतं’ असं विचारलं गेलं. आता विचारतात, ‘वाट किती पाहायची.’ रॅडिकल्स-आरटी या चाचणीत १,३९६ पुरुष होते. अर्ध्यांना ऑपरेशननंतर लगेच रेडिओथेरपी, उरलेल्यांना पीएसए ०.१ गाठल्यावर किंवा सलग तीनदा वाढल्यावर. पाच वर्षांनी पीएसए न वाढलेले पहिल्या गटात ८५ टक्के, दुसऱ्यात ८८. फरक नगण्य. थांबलेल्या गटातल्या सुमारे एक तृतीयांश लोकांनाच तोवर रेडिओथेरपी घ्यावी लागली होती, आणि लघवीवरचा ताबा पहिल्या वर्षी लगेच उपचार घेतलेल्यांचा जास्त बिघडला होता. मला ही चाचणी आवडते ती एका गोष्टीसाठी: थांबणं म्हणजे दुर्लक्ष नव्हे, तर आकड्यावर डोळा ठेवून थांबणं, हे तिनं रचनेतच लिहून ठेवलं. पण ‘डोळा ठेवून’ या दोन शब्दांत दर काही महिन्यांनी खात्रीचं रक्त तपासणं गृहीत आहे.

इथे महाराष्ट्रातलं एक काम बघण्यासारखं आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलची पीओपी-आरटी चाचणी, मूर्ती आणि सहकारी, २०२१. ही ऑपरेशनची नाही, रेडिओथेरपीची. २२४ पुरुष, फक्त प्रोस्टेटवर किरण की पूर्ण ओटीपोटावर. पाच वर्षांनी पीएसएच्या दृष्टीनं रोगमुक्त ८१.२ विरुद्ध ९५ टक्के. एकूण जगणं मात्र ९०.८ आणि ९२.५, म्हणजे फरक सिद्ध नाही. दोन गोष्टी टिपा. एक, रेडिओथेरपीनंतर ग्रंथी जागेवरच असते, म्हणून तिथे ‘वाढलं’ म्हणजे सगळ्यात खालच्या आकड्यापेक्षा दोननं जास्त. ऑपरेशनच्या ०.२ शी याची तुलना करणारा एक सेमिनार मी ऐकलाय आणि कुणी हात वर केला नाही. दोन, पीएसए सुधारलं म्हणजे आयुष्य वाढलं असं या पेपरात कुठेही लिहिलेलं नाही, आणि लेखकांनी तसा आवही आणलेला नाही. आयसीईकॅप गटानं २०१७ मध्ये एकोणीस चाचण्यांच्या आकड्यांवरून दाखवलं की एकूण जगण्याचा भरवशाचा पर्याय म्हणून ‘रोग न पसरता जगणं’ हे माप चालतं. कोणताही पेपर वाचताना आधी मुख्य निष्पत्ती कोणती ते शोधा आणि मगच टक्केवारीनं प्रभावित व्हा.

आपल्याकडे असा पाठपुरावा जमत नाही, लोक येत नाहीत, असं जे सरसकट म्हटलं जातं ते मला पटत नाही. याच सोलापूर जिल्ह्यात बार्शीला १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालू आहे, देशातली पहिली. माणसं दवाखान्यात येण्याची वाट न बघता कर्मचारी गावोगाव जाऊन नोंदी घेतात. बार्शीच्याच नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाच्या साथीनं शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर १,३१,७४६ बायकांची चाचणी झाली. आठ वर्षांचा पाठपुरावा, आणि २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये निष्कर्ष. इतक्या खेड्यांत इतकी वर्षं माणसं सांभाळता येतात, तर ऑपरेशन झालेल्या पुरुषांचे तीन-चार रक्ताचे आकडे एका वहीत, चाचणीच्या पद्धतीच्या नावासकट, ठेवणं अशक्य नाही. सध्या ते आकडे घराघरातल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत आहेत. सिनॉप्सिससाठी विषय शोधत असाल आणि तालुका अक्कलकोट असेल, तर लॅब बदलल्यामुळे डबलिंग टाइम किती हलतो एवढा एकच प्रश्न घेतला तरी दोन वर्षांचं काम आहे. मात्र एथिक्स समितीची परवानगी आधी, पिशवी नंतर.

पाउंड यांचा पेपर मिळवून त्यातले जगण्याचे आलेख आधी बघा. वक्राच्या उजव्या टोकाला किती माणसं उरलीत, ते शोधा. पुढच्या वेळी कापलान-मायर वक्र हातानं, दहा रुग्णांवर, काढून बघू.